अणुअपघातातील किरणोत्सारी धूळ आणि मुलांचा कर्करोग : कोल्हापुरातील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधील झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राच्या आवारात गोळीबार झाल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात माझ्या दवाखान्यात एक आई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला साधी सर्दी होती. पण आईंच्या मोबाईलवर एक संदेश होता. वाऱ्याबरोबर किरणोत्सार भारतात येणार आहे आणि मुलांच्या गळ्याला आयोडीन चोळावे, असे त्यात लिहिले होते. त्यांनी आदल्या रात्री जखमेवर लावायचे तपकिरी औषध मुलीच्या गळ्याला लावले होते आणि त्याचा डाग अजून गेला नव्हता. लहान मुलांचा डॉक्टर म्हणून त्यानंतर हे प्रश्न मला अनेकदा ऐकावे लागले, कधी जैतापूरच्या प्रस्तावित अणुप्रकल्पाच्या निमित्ताने, तर कधी एखाद्या नात्यातल्या मुलाच्या आजारपणाच्या निमित्ताने. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

किरणोत्सारी धूळ म्हणजे नेमके काय?

अणुभट्टीत युरेनियमचे विखंडन होते, म्हणजे त्याचे अणू फुटतात, तेव्हा मूलद्रव्यांची शेकडो किरणोत्सारी रूपे तयार होतात. भट्टी शाबूत असेल तर ती इंधनाच्या नळ्यांत आणि बाहेरच्या जाड काँक्रीटच्या कवचात बंदिस्त राहतात. भट्टी फुटली किंवा इंधन वितळले, तर त्यांतील वायुरूप आणि सहज बाष्प होणारी द्रव्ये हवेत जातात, वाऱ्याबरोबर वाहतात आणि कोरड्या धुळीच्या किंवा पावसाच्या रूपाने खाली येतात. मुलांच्या दृष्टीने त्यांतील दोन नावे पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिले आयोडीन-१३१, ज्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातील निम्मे नाहीसे व्हायला लागणारा काळ, सुमारे ८ दिवसांचे आहे. दुसरे सिझियम-१३७, ज्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे आहे. आयोडीन थोड्या दिवसांत मोठा घाव घालते, तर सिझियम जमिनीत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसते. या दोन्हींचे वागणे इतके वेगळे आहे की त्यांना एकाच 'किरणोत्सार' या शब्दाखाली कोंबल्यामुळेच बहुतेक गैरसमज निर्माण होतात, असे माझे मत आहे.

मुलांनाच धोका अधिक का सांगितला जातो?

आपल्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला हार्मोन तयार करण्यासाठी आयोडीन लागते आणि ते किरणोत्सारी आहे की साधे, हे तिला ओळखता येत नाही. मिळेल ते आयोडीन ती साठवून घेते. मोठ्या माणसाची ही ग्रंथी साधारण २० ग्रॅम वजनाची असते, तर एक वर्षाच्या बाळाची जेमतेम २ ग्रॅमची. तेवढेच आयोडीन दहापट लहान ग्रंथीत साठले, तर प्रत्येक ग्रॅममागे बसणारा मार कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय वाढत्या वयात या ग्रंथीच्या पेशी झपाट्याने विभागत असतात आणि बिघडलेल्या पेशीला कर्करोगाचे रूप घेण्यासाठी पुढे उभे आयुष्य असते.

मात्र 'मूल म्हणजे प्रत्येक कर्करोगाला अधिक बळी' असे सरसकट म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक वैज्ञानिक समितीने २०१३ मध्ये मांडले की, गाठींच्या सुमारे पाव प्रकारांत मुले मोठ्यांपेक्षा निश्चितपणे अधिक संवेदनशील असतात. त्यांत थायरॉइड, रक्ताचा कर्करोग, स्तन, त्वचा आणि मेंदू येतात. काही प्रकारांत मुले आणि मोठी माणसे सारखीच संवेदनशील दिसतात, तर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत मुलांची संवेदनशीलता कमी आढळते.

यात दुधाचा संबंध कुठे येतो?

सगळ्यांत मोठा संबंध तिथेच आहे आणि कोल्हापूरकरांना तो सांगायला फार शब्द लागू नयेत. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळली जाते आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला हातात येतो. म्हशीने सकाळी खाल्लेली ओली वैरण आणि मुलाच्या ओठांवरची दुधाची मिशी, यांच्यात कधी कधी एका दिवसाचेही अंतर नसते. हवेतील किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसते, जनावर दिवसभरात कितीतरी चौरस मीटरवरचे गवत खाते, आयोडीन त्याच्या दुधात उतरते, आणि घरात सर्वांत जास्त दूध पिते ते सर्वांत लहान मूल. म्हणजे मोठ्या परिसरावर पातळ पसरलेले विष गोळा करून एका पेल्यात आणण्याचे काम ही साखळी करते.

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे, तेव्हाच्या सोव्हिएत संघातील आणि आजच्या युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीज केंद्राची चौथी भट्टी फुटली आणि जवळच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९,००० लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारी बसगाड्यांतून हलवण्यात आले. पण त्याहून दूरच्या खेड्यांत गायी कुरणांवर चरत राहिल्या, मुले ताजे दूध पीत राहिली आणि ते पिऊ नका असे वेळेवर सांगणारे कोणी नव्हते. त्या भागातील मातीत आणि आहारात मुळातच आयोडीन कमी होते, त्यामुळे भुकेल्या थायरॉइड ग्रंथींनी ते आणखी अधाशीपणे शोषून घेतले. सुमारे तीन दशके आधीचे एक उलटे उदाहरण ब्रिटनचे आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये विंडस्केल येथील भट्टीला आग लागली, तेव्हा आसपासच्या सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातील दूध काही आठवडे गोळा करून ओतून देण्यात आले. शेतकऱ्यांचे नुकसान झाले, त्यांना भरपाई देण्यात आली, पण त्या दुधातून मुलांना मिळू शकणारी बरीचशी मात्रा टळली.

चेर्नोबिलनंतर किती मुलांना कर्करोग झाला?

अपघातापूर्वी बेलारूसमध्ये मुलांचा थायरॉइड कर्करोग इतका दुर्मीळ होता की वर्षाचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजता येत. १९९० च्या सुमारास, विशेषतः गोमेल भागात, तेथील डॉक्टरांना अशी मुले एकामागून एक दिसू लागली. त्यांनी १९९२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ही माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा परदेशातील अनेक जाणकारांनी शंका घेतली, कारण असा कर्करोग दिसायला दहा वर्षे तरी लागतात असा समज होता. प्रत्यक्षात चार ते पाच वर्षे पुरली.

अपघाताच्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांत, बेलारूस, युक्रेन आणि रशियाचे चार बाधित प्रांत मिळून, २००५ पर्यंत सहा हजारांहून अधिक थायरॉइड कर्करोग नोंदले गेले होते आणि तोवर त्यांतील १५ जणांचा मृत्यू झाला होता. १९९१ ते २०१५ या काळाची एकत्रित संख्या १९,२३३ आहे. हा आकडा वाचताना काळजी घ्यावी लागते, कारण ती मुले आता प्रौढ झाली आहेत, वयाबरोबर हा कर्करोग एरवीही वाढतो आणि तपासण्याही पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त होतात. संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अंदाजानुसार यांतील साधारण एक चतुर्थांश रुग्णांचा संबंध किरणोत्साराशी लावता येतो. चतुर्थांश म्हणजे थोडे नव्हे. ती हजारो मुले आहेत, आणि दूध वेळीच थांबवले असते तर त्यांतील बहुसंख्यांचा हा आजार टळला असता.

मग रक्ताच्या कर्करोगाचे काय?

हिरोशिमा आणि नागासाकी येथे रक्ताचा कर्करोग बॉम्बनंतर दोन-तीन वर्षांतच वाढू लागला आणि सहा ते आठ वर्षांनी त्याने उच्चांक गाठला. लहान वयात मार बसलेल्यांत ही वाढ सर्वाधिक होती. त्यामुळे चेर्नोबिलनंतरही सर्वांच्या नजरा त्याकडेच होत्या. परंतु तेथील सर्वसामान्य वस्तीतील मुलांत रक्ताच्या कर्करोगाची खात्रीलायक वाढ दाखवता आलेली नाही. कारण मात्रेत आहे. बॉम्बच्या वेळी संपूर्ण शरीरावर एका क्षणात मोठा मारा झाला. चेर्नोबिलच्या परिसरातील मुलांच्या थायरॉइडला प्रचंड मात्रा मिळाली, पण रक्त जिथे तयार होते त्या अस्थिमज्जेला मिळालेली मात्रा त्या मानाने बरीच लहान होती.

फुकुशिमात शेकडो मुलांना कर्करोग झाला असे वाचले. ते खरे आहे का?

११ मार्च २०११ रोजी ९.० तीव्रतेचा भूकंप आणि त्सुनामी यांमुळे जपानमधील फुकुशिमा दाइची केंद्रातील तीन भट्ट्यांचे इंधन वितळले. हवेत गेलेले आयोडीन-१३१ चेर्नोबिलच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके होते, वाऱ्याने त्यातील बराच भाग समुद्रावर नेला आणि दूषित दूध व भाजीपाला विक्रीतून लवकर काढून घेण्यात आला. त्यानंतर त्या प्रांतातील १८ वर्षांपर्यंतच्या सुमारे तीन लाख मुलांची थायरॉइडची सोनोग्राफी करण्यात आली आणि पहिल्याच फेरीत शंभराहून अधिक मुलांत कर्करोग किंवा त्याची दाट शंका आढळली.

आकडा भीतिदायक आहे, पण त्याचा अर्थ लावताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. चेर्नोबिलनंतर सर्वाधिक फटका पाच वर्षांखालील मुलांना बसला होता, येथे मात्र रुग्ण बहुतांशी किशोरवयीन होते. बहुतेक गाठी अपघातानंतर इतक्या लवकर सापडल्या की त्या आधीपासूनच असाव्यात. शिवाय किरणोत्सार न पोहोचलेल्या आओमोरी, यामानाशी आणि नागासाकी येथील ४,३६५ मुलांची त्याच पद्धतीने तपासणी केली, तेव्हा तेथेही बारीक गाठींचे प्रमाण तसेच दिसले. थोडक्यात, आपण जितके खोल खणू तितके सापडते. दक्षिण कोरियात कोणत्याही अपघाताविना, केवळ सोनोग्राफीच्या सवयीमुळे, १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचे निदान सुमारे १५ पट झाले आणि मृत्यू मात्र तेवढेच राहिले.

घरात आयोडीनच्या गोळ्या ठेवाव्यात का? आयोडीनयुक्त मीठ जास्त खाल्ले तर?

स्थिर आयोडीन, म्हणजे पोटॅशियम आयोडाइड, आधीच दिले तर थायरॉइडची कोठारे भरून जातात आणि किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. पोलंडने २९ एप्रिल १९८६ रोजी निर्णय घेऊन काही दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीनचे द्रावण पाजले आणि कुरणावरच्या गायींचे दूध लहान मुलांसाठी बंद केले. दुष्परिणाम फारच थोडे झाले. मात्र या औषधाची सगळी मदार वेळेवर आहे. धूळ येण्यापूर्वीच्या २४ तासांत किंवा आल्यानंतर दोन तासांपर्यंत घेतले तर उत्तम, आठ तासांपर्यंत काहीसा उपयोग, आणि २४ तास उलटल्यावर घेतल्यास लाभापेक्षा तोटा होण्याची शक्यता. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली एका वेळची मात्रा १२ वर्षांवरील व्यक्तींना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांना ६५, एक महिना ते ३ वर्षांना ३२ आणि नवजात बाळाला १६ मिलिग्रॅम आहे. हे औषध प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायचे असते. ते सिझियमपासून किंवा बाहेरून येणाऱ्या किरणांपासून मुळीच संरक्षण देत नाही, आणि गरज नसताना दिले तर नवजात बाळाची थायरॉइड मंदावू शकते.

मिठाचा हिशोब घरीच करता येतो. आपल्या दुकानातील मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. म्हणजे एका गोळीइतके आयोडीन मिळवण्यासाठी साडेसहा किलोच्या आसपास मीठ एका बैठकीत खावे लागेल. मार्च २०११ मध्ये चीनमधील अनेक शहरांत लोकांनी दुकानांतले मीठ रिकामे केले होते. त्यातून फायदा झाला तो मीठ विकणाऱ्यांचा. रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ वापरणे मात्र खरोखर हिताचे आहे, कारण ज्या मुलांना आधीपासून पुरेसे आयोडीन मिळत होते, त्यांना चेर्नोबिलनंतर कर्करोगाचा धोका बराच कमी राहिला. जखमेवर लावायचे आयोडीन गळ्याला चोळण्याचा उपयोग नाही आणि ते पोटात घेणे धोक्याचे आहे.

कोल्हापूरला कोणत्या केंद्राचा धोका आहे?

चालू केंद्रांपैकी आपल्याला सर्वांत जवळचे कर्नाटकातील कैगा आहे, सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर. तारापूर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. राजापूर तालुक्यातील जैतापूरचा प्रकल्प शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे, परंतु तेथे अद्याप भट्टी उभी राहिलेली नाही. तेथे सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत. चेर्नोबिलच्या भट्टीत ग्रॅफाइट होते, ते सुमारे दहा दिवस जळत राहिले आणि भट्टीभोवती पूर्ण काँक्रीटचे कवचही नव्हते. कैगाच्या भट्ट्या जड पाण्यावर चालणाऱ्या आणि कवच असलेल्या आहेत, त्यामुळे तोच प्रसंग तसाच घडण्याची तुलना योग्य नव्हे. पण कवच असूनही फुकुशिमा घडले, हेही लपवण्याचे कारण नाही.

अंतराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रश्न पावसाचा असतो. हवेतील कण पाऊस धुऊन खाली आणतो. १९८६ मध्ये चेर्नोबिलहून हजारो किलोमीटरवरील उत्तर वेल्सच्या डोंगरांवर पाऊस पडला, म्हणून तेथील मेंढ्यांच्या विक्रीवरील निर्बंध थेट २०१२ मध्ये उठले. मधल्या कोरड्या प्रदेशांना मात्र फारसे काही झाले नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारे समुद्राकडून येतात आणि गगनबावडा, राधानगरीच्या घाटमाथ्यावर ढग रिते करतात. अशा दिवसांत कोकणपट्टीत काही घडले, तर घाटमाथ्यावरची कुरणे आणि कोल्हापूर शहर यांची परिस्थिती सारखी नसेल, म्हणून नकाशावर गोल वर्तुळे काढून धोका मोजू नये.

समजा तसा प्रसंग आलाच, तर घरात आणि गोठ्यात काय करायचे?

पहिले काही तास दारे-खिडक्या बंद करून घरात थांबणे, बाहेरून आल्यावर कपडे बदलून अंघोळ करणे आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचना ऐकणे, एवढे पुरेसे असते. मुलांसाठी महत्त्वाचे म्हणजे ताजे दूध थांबवणे. अपघातापूर्वी भरलेली दूध पावडर आणि बंद पिशव्यांतील जुना साठा वापरता येतो. दूध उकळल्याने किरणोत्सार जात नाही. उलट पाणी उडून गेल्याने तो दाट होतो.

शेतकऱ्यांनी जनावरे बाहेर सोडू नयेत, आणि उघड्यावरची ओली वैरण किंवा उसाचे ताजे वाडे न घालता गोठ्यातला झाकलेला कडबा घालावा. ज्याच्याकडे कडब्याची गंज ताडपत्रीखाली आहे, त्याच्या म्हशीचे दूध इतरांपेक्षा कितीतरी स्वच्छ राहील. काढलेले दूध फेकलेच पाहिजे असेही नाही, कारण आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मे होते आणि ८० दिवसांत साधारण हजाराव्या भागावर येते. त्यामुळे असे दूध पावडर करून साठवता येते. सिझियमच्या बाबतीत हा उपाय चालत नाही. तिथे चारा, माती आणि पावसाळी अळंबी यांची तपासणी वर्षानुवर्षे करावी लागते.

असा वाद आपल्याकडे पूर्वी होऊन गेला आहे. चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून भारतात आलेल्या लोण्यात किरणोत्सार असल्याची शंका घेऊन मुंबईत दाद मागण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि १९८८ मध्ये ते लोणी निर्धोक ठरले.

आमचा मुलगा युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होता. त्याच्या होणाऱ्या मुलांना धोका आहे का?

नाही. चेर्नोबिलचे आयोडीन १९८६ च्या उन्हाळ्यातच संपले आणि विद्यापीठांच्या शहरांत आज मिळणारी मात्रा कोल्हापुरात निसर्गतः मिळणाऱ्या मात्रेहून फार वेगळी नाही. पुढच्या पिढीविषयी तर खूप अभ्यास झाला आहे. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या हजारो अपत्यांत आनुवंशिक दोषांची वाढ आढळली नाही. २०२१ मध्ये चेर्नोबिलच्या सफाई कामगारांच्या आणि तेथून हलवलेल्या लोकांच्या १३० अपत्यांची संपूर्ण जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली, तिच्यातही नवीन जनुकीय बदल वाढलेले दिसले नाहीत. याउलट १९८६ मध्ये ग्रीससारख्या दूरच्या देशात अनेक गर्भवतींनी केवळ भीतीपोटी गर्भपात करून घेतले. त्या अपघाताचे ते बळी कोणत्याही किरणाने घेतलेले नव्हते.

एक्स-रे, सीटी स्कॅन आणि मोबाईल टॉवर यांचे काय?

टॉवरच्या लहरी पेशीतील रेणू तोडू शकणाऱ्या प्रकारच्या नाहीत, त्यामुळे त्या या चर्चेत येत नाहीत. छातीच्या एक्स-रेची मात्रा नगण्य आहे. सीटी स्कॅनची मात्रा मात्र विचारात घेण्याजोगी आहे. युरोपातील मुलांच्या मोठ्या अभ्यासानुसार एकेक सीटी स्कॅन झालेल्या दहा हजार मुलांमागे पुढील बारा वर्षांत एक-दोन जादा रक्ताचे कर्करोग अपेक्षित आहेत. डोक्याला जबर मार लागला असेल तर स्कॅन करायलाच हवा. पण प्रत्येक डोकेदुखीला 'एकदा करून टाका डॉक्टर' असा आग्रह धरू नये. अणुअपघाताची चिंता करणारे पालकच असा आग्रह धरतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

मुलाच्या गळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी का?

लक्षण नसताना नको. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये, प्रत्यक्ष अपघातानंतरदेखील, संपूर्ण लोकसंख्येची अशी चाळणी करू नये असे सुचवले. ज्यांच्या थायरॉइडला १०० ते ५०० मिलिग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) किंवा अधिक मात्रा मिळाली असेल, त्यांच्यासाठीच दीर्घकालीन देखरेखीचा पर्याय ठेवला. मात्र गळ्यात हाताला लागणारी टणक गाठ, मानेच्या बाजूच्या वाढत जाणाऱ्या गाठी, आठवडे न जाणारा आवाजातील घोगरेपणा किंवा गिळताना त्रास, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नये. कारण नसलेला ताप, फिकटपणा, अंगावर निळे डाग आणि हाडे दुखणे, ही रक्ताच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात. त्यासाठी अणुअपघाताची गरज नसते आणि बहुतेक मुलांत कोणतेही कारण सापडत नाही.

थायरॉइडचा कर्करोग बरा होतो का?

मुलांमधील हा कर्करोग मानेतील गाठींपर्यंत पसरलेला असला तरी शस्त्रक्रियेने आणि पुढील उपचाराने बहुसंख्य मुले बरी होतात. नंतर आयुष्यभर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यावी लागते. गंमत अशी, की पुढील उपचारात वापरले जाते तेही आयोडीन-१३१ च. उरलेल्या थायरॉइड पेशी ते ओढून घेतात आणि त्यातच नष्ट होतात. मुंबईत परळच्या विकिरण औषधी केंद्रात हे काम १९६० च्या दशकापासून चालते. उपचार घेऊन परतलेल्या एका आजींनी मला विचारले होते की, नातवाला मांडीवर कधी घेऊ. रुग्णालयाने दिलेल्या चिठ्ठीतील दिवस मोजून होईपर्यंत घेऊ नका, वेगळ्या खोलीत झोपा आणि ताट-वाटी वेगळी ठेवा, असे मी सांगितले. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनाने गोल केला आणि त्या दिवसापर्यंत नातू उंबऱ्याबाहेरूनच त्यांच्याशी बोलत होता.